मॉडेल करताना कानात काय चालू असतं?

नॅटवाला (धागाकर्ता, नागपूर)

टेबलावरचा दिवा लागला, छोट्या प्रतिकृतीच्या किटचा डबा उघडला, कटिंग मॅट पुसून झाली. यापुढचे दोन-तीन तास तुम्ही काय ऐकता?

आपल्या नागपूरच्या मंडळींत गोंद, पुट्टी, कोणत्या रंगाला कोणता थिनर, यावर मध्यरात्रीपर्यंत वाद झालेत. पण या छंदात डोळे आणि बोटं गुंतलेली असतात, कान मात्र मोकळे. त्या मोकळ्या कानांचं कोण काय करतं, हे आजवर कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही.

माझं सांगतो. मी भारतीय हवाई दलाचीच विमानं करतो, तीही १/७२ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढी. सध्या टेबलावर नॅट हे छोटं लढाऊ विमान आहे. खरं विमानच एवढंसं, की या मापात पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेनऊ सेंटीमीटरही भरत नाही. स्प्रूवरून, म्हणजे किटच्या प्लास्टिकच्या चौकटीवरून, भाग कापणं, जोडाची रेघ घासून काढणं, म्हणजे ४०० नंबरच्या पेपरवरून ८००, मग १०००, या कामाला डोकं लागत नाही. तेव्हा लांब गप्पा लावतो, मुलाखती, युद्ध-इतिहासावरचे पॉडकास्ट. कॅनपीवर, म्हणजे वैमानिकाच्या पारदर्शक छतावर, मास्किंग टेपचे तुकडे बसवताना मात्र कुणी बोललेलं खपत नाही. तेव्हा सरोद. एअरब्रशनं रंग फवारताना कॉम्प्रेसरच बोलत असतो, त्यामुळे प्रश्न मिटला. आणि डीकॅलच्या, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणांच्या, वेळी विविध भारती. डीकॅल पाण्यात सुटेपर्यंत हात रिकामे राहतात, आणि रिकामा हात मोबाइलकडे जातो. रेडिओला हात लावावा लागत नाही.

तुमचं लिहा. 'काहीच ऐकत नाही' हेही उत्तर चालेल, पण मग का ते सांगा.

खसटट्टी

पहिला नंबर माझा. भाऊ, नागपुरात राहून हा प्रश्न विचारला अन् ऋतू सांगितलाच नाही! एप्रिल ते जून माझ्या खोलीत एकच आवाज असते, कूलरचा. त्याच्यापुढे सरोद काय अन् सतार काय. आवाज वाढवला तर खालून आई ओरडते. म्हणून उन्हाळाभर मी कॉमेंट्रीच ऐकतो. अर्धे शब्द कूलरनं खाल्ले तरी चालते, विकेट पडली का चौकार गेला ते पब्लिकच्या ओरडण्यावरून समजूनच जाते.

नॅटवाला

कूलर चालू ठेवून रंगवतोस की काय?

खसटट्टी

रंगवताना बंद. काऊन ते सांगतो. लॅकर मारून राहिलो अन् समोरून कूलरची ओली हवा आली, की रंगावर पांढुरकी साय धरते. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होते अन् हवेतला ओलावा त्याच्यावर बसते. आता कूलर बंद केला तर दुसरी पंचाईत. ४४ डिग्रीत, त्या कोरड्या हवेत, ॲक्रिलिक नोझलच्या तोंडावरच वाळते. जो थोडाफार बाहेर पडते तो हवेतच वाळून मॉडेलवर खरखरीत बसते. मग वाळणं लांबवणारं रिटार्डर टाका, नोझल पुसत बसा.

म्हणून मे महिन्यात आमचं रंगकाम पहाटे पाचला. कूलर बंद, खिडकी उघडी, कानात काही नाही. गल्लीत दूधवाला येते तेवढाच.

पुणेरी_प्लास्टिक

पुण्याहून डोकावतोय. आमच्याकडे एप्रिलमध्येही पंख्यावर भागतं, म्हणून मी बाराही महिने शास्त्रीय ऐकतो.

खसटट्टी

घ्या. आले थंड हवेचे दाखले देणारे.

धंतोलीकर

नॅटवाला, चांगला विषय काढलात. माझी पद्धत सगळ्यांत जुनाट असेल. मी एलपी ऐकतो.

हौस म्हणून नव्हे. सोयीचं आहे म्हणून. तबकडीची एक बाजू वीस-बावीस मिनिटांत संपते. उठावं लागतं, हात पुसावे लागतात, तबकडी उलटायला खोलीच्या दुसऱ्या टोकाला जावं लागतं. तेवढ्यात डोळ्यांना विसावा मिळतो आणि मान सरळ होते. भिंग लावून तासन्‌तास बसणाऱ्या माझ्या वयाच्या माणसाला डॉक्टर हेच सांगतात. मोबाइलवरची यादी संपतच नाही, त्यामुळे तुम्हीही उठत नाही. अर्थात घरात जुन्या ७८ च्या तबकड्याही आहेत, पण त्या तीन मिनिटांत संपतात. त्यांच्यासोबत काम करायचं तर काम बाजूला ठेवावं लागेल.

सध्या वापिती करतोय. हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन १ एप्रिल १९३३ ला उभी राहिली ती याच विमानांवर, चार वापिती होत्या. दुपंखी विमान, म्हणजे दोन पंखांमध्ये तारांचं जाळं. त्या तारा मी विकत आणत नाही. उरलेला स्प्रू मेणबत्तीवर फिरवत तापवायचा, लवचीक झाला की ज्योतीपासून बाजूला घेऊन दोन्ही हातांनी ओढायचा. हळू ओढला तर जाड दोरा, झटक्यात ओढला तर केसासारखी तार. या कामाला विलंबित ख्याल उत्तम. लय धिमी असली की हातही घाई करत नाही, असा माझा अनुभव. शास्त्र विचारू नका.

वसंतराव देशपांडे मात्र या कामाला लावत नाही. ते कधी कुठे वळतील याचा नेम नसतो, आणि माझं लक्ष तारेवरून उडून तानेमागे जातं. बाकी आपल्या छंदाशी त्यांचं नातं लावायचंच तर ते बरीच वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरीला होते. मुलगा मला चिडवतो, 'तुमच्या रणगाड्यांची बिलं त्यांनीच पास केली असतील.'

ट्रॅकलिंक

काका, तार ओढताना दुसऱ्या हाताला भाजत नाही का?

मी चिलखती गाड्या करतो, १/३५. टी-५५ रणगाड्याचे ट्रॅक, म्हणजे चाकांवरचे पट्टे, एकेक कडी जोडून करायचे, एका बाजूला नव्वदच्या आसपास कड्या. प्रत्येक कडीला दोन-तीन ठिकाणी घासायचं, मग जोडायची, मग पुढची. दोन बाजू म्हणजे किती झाल्या ते तुम्हीच मोजा. हे काम ज्यानं केलं त्याला मी काय म्हणतो ते कळेल: यासाठी कसोटी सामन्यासारखं दुसरं काही नाही. वन-डेत फार गडबड, टी-ट्वेंटीत तर आरडाओरडाच. कसोटीत समालोचकाला बोलायला वेळ असतो, तो खेळपट्टीवर बोलतो, जुन्या मॅचवर बोलतो, मध्येच एक चेंडू पडतो. कडी, चेंडू, कडी, चेंडू.

फक्त सामना टिकला पाहिजे. २०२३ च्या फेब्रुवारीत नागपूरच्या जामठा स्टेडियमवर ऑस्ट्रेलिया आली तेव्हा पाच दिवसांचे ट्रॅक राखून ठेवले होते. दुसऱ्या डावात त्यांचा खुर्दा ९१ वर, तिसऱ्याच दिवशी डावानं हरले. भारत जिंकला म्हणून आनंद, डावी बाजू अर्धी राहिली म्हणून दुःख.

धंतोलीकर

भाजतं. अंगठ्याला कापडी पट्टी बांधतो.

रंगारीण

मी विमानं-रणगाडे करत नाही, माणसं रंगवते. ७५ मिलिमीटरच्या आकृत्या आणि अर्धपुतळे. (पहिलं काम विचाराल तर तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरात दरवर्षी तो नव्यानं रंगायचा, आणि शिंगांचा सोनेरी रंग कोणी लावायचा यावर चुलत भावांत मारामारी.)

मी ऑडिओबुक ऐकते. मराठीत आता भरपूर झालीत, स्टोरीटेल २०१७ मध्ये भारतात आलं तेव्हापासून तर चंगळच आहे. चेहऱ्याचं रंगकाम थरांत चालतं: पायाचा रंग, सावल्या, उजेड, मग पातळ ग्लेझ, परत ग्लेझ. प्रत्येक थर सुकेपर्यंत थांबा. कादंबरीची लय त्याला जुळते. फक्त डोळे रंगवायची वेळ आली की पॉज. बाहुलीचा ठिपका ठेवताना मी श्वास धरते, आणि निवेदक नेमका त्याच वेळी 'अचानक' म्हणतो.

एक गंमत मात्र अजून कुणी लिहिली नाही. जे ऐकत रंगवलं ते त्या आकृतीला चिकटतं. माझ्या कपाटात एक मावळा आहे, त्याच्याकडे पाहिलं की मला एका खुनाच्या तपासातला इन्स्पेक्टर आठवतो. बिचाऱ्याचा काय संबंध!

पुणेरी_प्लास्टिक

हे अगदी खरं. माझ्या हंटर विमानाला पाहिलं की लोंगेवालाची लढाई आठवायला हवी, पण मला आठवते ती शेअर बाजारावरची मुलाखत.

ट्रॅकलिंक

मला असलं काही होत नाही. रणगाडा पाहिला की ट्रॅकच आठवतात.

शांत_टेबल

नॅटवाला म्हणतात कान मोकळे असतात. इथेच माझा मतभेद आहे. मी काही ऐकत नाही, कारण कान कामालाच लागलेले असतात.

जोडावरची पुट्टी घासताना कागदाचा आवाज ऐका. पुट्टीवर तो भरड आणि दबका येतो, प्लास्टिक लागलं की कोरडा आणि चढा होतो. बोटाला फरक कळायच्या आधी कानाला कळतो. पॅनेलच्या रेघा कोरताना स्क्राइबर खाचेत नीट चालला असेल तर एकसारखी सळसळ येते. टोक खाच सोडून निघालं की किरकिरतं. त्याच क्षणी हात थांबला तर ओरखडा वाचतो. पारदर्शक भाग स्प्रूवरून कापताना कटरचा आवाज 'टच्' आला तर ठीक. 'कड्‌' आला तर भिंग घ्या आणि तडा शोधा.

एअरब्रशचंही तेच. नोझलवर रंग वाळू लागला की फवाऱ्याचा आवाज आधी फाटतो, थेंब नंतर उडतात. हवेच्या नळीवरच्या पाण्याच्या सापळ्यात पाणी साचलं तर गुरगुर ऐकू येते, आणि ते पाणी पंखावर पडायच्या आत बोट उचलता येतं. टाकीवाला कॉम्प्रेसर ठरावीक दाबावर आपोआप बंद-चालू होतो. तो तुम्ही रंगवत नसतानाही मधूनमधून चालू व्हायला लागला तर कुठेतरी गळती आहे. हेडफोन लावून बसलात तर हे कुणी सांगायचं?

आणि शेवटचं. फोटो-एचचा, म्हणजे धातूच्या पातळ पत्र्याचा, बारीक तुकडा चिमट्यातून उडाला तर तो कुठे पडला हे डोळ्यांना दिसत नाही. फरशीवर 'टिक्' कुठल्या बाजूला झालं एवढाच धागा असतो. टेबलाखाली गालिचा असेल तर तोही नाही.

खसटट्टी

बाप्पा! शेवटचा मुद्दा सोन्यासारखा आहे. पण 'टिक्' ऐकू येऊनही तुकडा सापडत नाही, हा पण अनुभव आहे न भाऊ.

नॅटवाला

शांत_टेबल, स्क्राइबरचं पटलं. एअरब्रशचं तर शंभर टक्के. पण ट्रॅकच्या कड्या घासताना कान कशाला राखून ठेवायचे? त्या कड्या काही सांगत नाहीत.

शांत_टेबल

त्या कामाला लावा ना काहीही. माझा आक्षेप 'कान मोकळे असतात' या वाक्याला आहे, ट्रॅकलिंकच्या कसोटीला नाही.

मॉडेलवाल्याची_बायको

सदस्य नाही, नवऱ्याच्या लॉगिनवरून लिहितेय, त्याला माहीत आहे. तुमच्या या चर्चेत एक माणूस सगळे विसरलेत: घरातला दुसरा.

हे महाशय मास्क लावतात, त्यावर हेडफोन लावतात, बाल्कनीचं दार ओढून घेतात. सिलिंडरवाला दारात, कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या, सासूबाईंचा फोन वाजतोय. आत काही पोचत नाही. मी जाऊन खांद्याला हात लावला की दचकतात आणि मग, 'लाइन गेली ना माझी!' आता आमच्याकडे नियम आहे: एक कान उघडा. कोणता ते त्यांनी ठरवावं.

थिनरच्या वासाबद्दल वेगळा धागा काढा, तिथेही लिहीन.

रंगारीण

वहिनी, वासाच्या धाग्याची वाट बघते. माझ्या घरी उलट आहे, मी आत आणि नवरा दारात.

ट्रॅकलिंक

मास्कच्या पट्ट्यांवर मोठे हेडफोन बसवले की मास्कची कड गालावरून सुटते आणि वाफ आत येते. वहिनींचा नियम सोडा, पण फुप्फुसांसाठी तरी रंगकामाला गळ्यातले साधे इअरफोन वापरा. नाहीतर खोलीत छोटा स्पीकर ठेवा.

कामठीचा_फौजी

मी निवृत्त आहे, कामठीत स्थायिक. लष्कराच्या गार्ड्स रेजिमेंटचं सेंटर जवळच, त्यामुळे पहाटेचं बिगुल आणि परेडचे हुकूम आपोआप ऐकू येतात. ते सोडलं तर माझ्या टेबलावर रेडिओच.

नॅटवाल्यांनी विविध भारतीचं नाव घेतलं म्हणून लिहितो. संध्याकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी जयमाला लागते, फौजी भाइयों के लिए. मी सेवेत होतो तेव्हाही ऐकायचो, आता सेंच्युरियन रणगाड्याला हिरवा रंग देताना ऐकतो. रात्री १० ला छायागीत. निवेदक स्वतः गाणी निवडून मधे जे बोलतो, ते मला मुलाखतींपेक्षा आवडतं. तेव्हा ब्रश धुवायला घ्यायचे.

पण नागपूरवाल्यांनी एक गोष्ट विसरू नये. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ चं. आणि १९८८ मध्ये जे राष्ट्रीय चॅनल सुरू झालं, रात्रभर चालणारं, ते आपल्या नागपूरजवळच्या एक हजार किलोवॅटच्या ट्रान्समीटरवरून, १५६६ किलोहर्ट्झवर. मध्यम लहरी रात्री लांब जातात. दिवसा आकाशातला एक थर त्या शोषून घेतो, सूर्य मावळला की तो थर विरतो आणि वरचा थर त्यांना परत जमिनीकडे पाठवतो. म्हणून सीमेवरच्या ठाण्यात बसून आम्ही नागपूर ऐकायचो. सोबतचे पंजाबी, मणिपुरी, कुणाला संत्र्यापलीकडे नागपूर ठाऊक नव्हतं. त्यांना मी सांगायचो, हा आवाज माझ्या गावावरून येतोय. ते चॅनल पुढे बंद झालं. मोबाइलवर जगातलं सगळं मिळतं हे मान्य, पण रात्री दोनला काय लागेल हे आपल्या हातात नसणं, त्याची मजा वेगळी होती. पुढचं गाणं निवडत बसायला चिकट हात लागत नाही.

नॅटवाला

सर, हे माहीत नव्हतं. शेवटचं वाक्य तर माझंच म्हणणं होतं, तुम्ही नेमकं मांडलंत. सेंच्युरियन बसंतरच्या लढाईतला करताय की असल उत्तरच्या?

कामठीचा_फौजी

बसंतर. डिसेंबर १९७१. चिखल जमला की फोटो टाकतो.

इंदोरा_चौक

आमच्याकडे काय ऐकायचं हे एप्रिलमध्ये आपण ठरवत नाही, वस्ती ठरवते. १४ एप्रिलच्या आधी आठवडाभर चौकात भीमगीतं सुरू. आणि खरं सांगतो, मला त्याचा त्रास नाही, उलट सोय आहे.

मी कारखान्यातले किट घेत नाही, इमारती करतो, फोमबोर्ड आणि थर्माकोलमध्ये. सध्या दीक्षाभूमीचा स्तूप, १/२०० मापात. खरी कसरत घुमटाची आहे. सांचीचा स्तूप आतून भरीव, आपला पोकळ, त्यामुळे आतलं सभागृहही दाखवायचं तर घुमट उचलता यायला हवा. थर्माकोलच्या गोल चकत्या एकावर एक चिकटवल्या, आतून कोरल्या, बाहेरून घासल्या. घासताना हात एकाच वेगानं चालायला हवा, एका जागी जास्त दाब पडला की गोलाई बिघडते. ढोलकीचा ठेका असला की हात आपोआप वेग धरतो. कव्वालीच्या अंगानं म्हटलेली जुनी भीमगीतं त्यासाठी फार छान, त्यांत टाळ्यांचा ठेका असतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या रांगेत ही गाणीही मिळतात. वडिलांनी तिथून कॅसेट आणल्या, मी पेनड्राइव्ह.

पण वरच्या पायऱ्या आणि तोरणं कापताना ठेका नको. ब्लेड ठेक्यावर चालवायची नसते.

धंतोलीकर

घुमट उचलता येणारा, ही कल्पना सुरेख. प्रदर्शनात ठेवणार असाल तर कळवा, येईन.

मनाचा_अभ्यास

मी मानसशास्त्र शिकवते, कागदी मॉडेलं करते. तुम्हा सगळ्यांच्या अनुभवांमागे थोडं शास्त्र आहे, थोडक्यात सांगते.

पाठोपाठच्या गोष्टी क्रमानं लक्षात ठेवायच्या असतात तेव्हा मागचं बोलणं सगळ्यांत जास्त अडथळा आणतं. सूचनापत्रातले भाग क्रमांक, डीकॅलचे क्रमांक, रंगाचे नंबर म्हणजे नेमकं तेच काम. गंमत म्हणजे बोलणं न कळणाऱ्या भाषेत असलं तरी अडथळा होतो. अडथळ्याचं कारण आवाजातला सततचा बदल. एकसारखा, न बदलणारा आवाज मोठा असला तरी तुलनेनं निरुपद्रवी. म्हणजे खसटट्टी यांचा कूलर हा सूचनापत्र वाचायला चांगला सोबती आहे! आणि नॅटवाला, तुमच्या सरोदबद्दल: आलाप ठीक, पण झाला या शेवटच्या द्रुत भागात सूर इतक्या झपाट्यानं बदलतात की नुसतं वाद्य असूनही तो आकड्यांच्या कामात थोडा आडवा येऊ शकतो.

हातांच्या सरावाच्या कामात, घासणं, कापणं, कड्या जोडणं, यातलं काही फारसं लागू होत नाही. तिथे आवडीचं काहीही लावा.

खसटट्टी

आई, वाचून राहिली का? कूलरले सर्टिफिकेट भेटलं!

नॅटवाला

आता कळलं. द्रुत सुरू झालं की मी मास्किंग टेप खाली ठेवायचो, आणि वाटायचं की दाद देतोय.

मोतीबाग७६२

उशिरा आलो. मी रेल्वेवाला, त्यातही नॅरो गेज. आयडीतला आकडा सातपुड्याच्या छोट्या गाड्यांच्या रुळांची रुंदी आहे, ७६२ मिलिमीटर. १/८७ मध्ये ती पावणेनऊ मिलिमीटरच्या आसपास येते, म्हणजे बाजारात मिळणारा ९ मिलिमीटरचा रूळ जवळजवळ चपखल बसतो. डबे आणि इंजिन मात्र सगळं हातानं, प्लास्टिकच्या पत्र्यातून. मापं मोतीबागच्या नॅरो गेज संग्रहालयात जाऊन घेतली, रविवारच्या सकाळी, गर्दी व्हायच्या आत.

मी काय ऐकतो? गाडी. नागपूर–छिंदवाडा नॅरो गेज २०१५ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. त्याआधी एका बॅटरीवाल्या रेकॉर्डरवर मी त्या प्रवासाचे आवाज घेऊन ठेवले होते. झेडडीएम डिझेल इंजिनाची घरघर, चढावर ती कशी खोल जाते, सांध्यांवरचा ठोका, छोट्या स्टेशनांवर गार्डची शिट्टी. बोगीचा सांगाडा जोडताना मी तेच लावतो. ऐकता ऐकता लक्षात येतात अशा गोष्टी फोटोत सापडत नाहीत. एका फलाटावर डब्याचं दार बंद होताना दोनदा वाजतं. परत संग्रहालयात जाऊन पाहिलं तर दाराला खाली आणखी एक खिटी होती, माझ्या आराखड्यात नव्हतीच.

पुढचा बेत असा की हाच आवाज छोट्या चिपवर टाकून इंजिनात बसवायचा.

शांत_टेबल

वा! म्हणजे तुम्ही ऐकता तेही कामच आहे. तुम्हाला माझ्या पक्षात धरू का?

मोतीबाग७६२

अर्धा धरा. रुळाखालची खडी पेरताना मी खंजिरी भजनं ऐकतो, मोझरीची. खडी काही सांगत नाही.

ट्रॅकलिंक

रेकॉर्डिंगची फाइल मिळेल का? कड्यांना कसोटीचा हंगाम नसताना चालेल.

रंगारीण

मलाही द्या. ऑडिओबुकवाल्या मावळ्याला थोडी विश्रांती.

पुणेरी_प्लास्टिक

विषयांतराबद्दल माफी. बॅटरीवर चालणारा, मध्यम लहरी नीट पकडणारा छोटा रेडिओ अजून मिळतो का कुठे? फौजी सरांचं वाचल्यापासून डोक्यात बसलंय. ॲपवर नकोय.

कामठीचा_फौजी

नागपुरात सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या जुन्या दुकानांत विचारा, किंवा येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाकडून मागवा. घेताना दुकानातच लावून बघा, आणि आत फेराइटची लांब कांडी आहे की नाही ते विचारा. मध्यम लहरी पकडते ती कांडी, वरची ओढायची दांडी नाही. घरी टेबलावर रेडिओ गोल फिरवून पाहायचा, एका दिशेला आवाज साफ होतो. एलईडी दिव्याच्या चार्जरपासून मात्र लांब ठेवा, फार खरखरतो.

नॅटवाला

टेबलावरचा दिवा एलईडीच असतो की सर सगळ्यांचा.

कामठीचा_फौजी

माझाही. रेडिओ खिडकीत ठेवतो, दिव्यापासून हातभर लांब. तेवढ्यानं भागतं.

मोतीबाग७६२

ट्रॅकलिंक, रंगारीण: फाइल ड्राइव्हवर टाकली, लिंक व्यक्तिगत निरोपातून पाठवतो. तास-सव्वातासाची आहे. सुरुवातीला एक भजेवाला बराच वेळ ओरडतो, तो कापलेला नाही. वैतागाल तर पुढे ढकला, गाडी त्याच्यानंतर सुटते.